चिंचोके आणि लाडोबा हत्ती

दसरा तोंडावर आला आणि कनकगडचा लाडोबा हत्ती जागचा उठेना. अंकुश टोचून झाला, ऊस दाखवून झाला, पुरोहितांचे मंत्रही झाले. लाडोबा कान हलवी आणि पुन्हा डोळे मिटी.

याला कारण होती दिवाणजींची परीक्षा. फौजेतली कामं यापुढे गुणांवरच द्यायची, असा हट्ट उदयभान महाराजांनी धरला होता. एका पायावर उभं राहून सुईत दोरा ओवायचा, डोळे बांधून कुठली घंटा वाजली ते सांगायचं आणि भोपळ्यावर भोपळा रचायचा! ज्याला जितकं जमेल, तितके चिंचोके दिवाणजी त्याच्या गाडग्यात टाकत. ज्याचं गाडगं सर्वांत भरलेलं, त्याला हत्ती. त्याखालच्यांना घोडे, मग तोफा. तळाला राहिले ते मुदपाकखान्यात.

निकाल लागला आणि फौजेची पार रया गेली. घोडदळाचे जुने सरदार पंगतीत मीठ वाढू लागले. तोफखाना सनईवाल्याकडे गेला. तो बिचारा रोज तोफेत फुंकून बघे आणि आवाज येत नाही म्हणून खट्टू होई. सुईदोऱ्यात त्याला कोण हरवणार, म्हणून गेनू शिंपी झाला माहूत. त्याला शेळीचीही भीती वाटे. आणि जन्मभर लाडोबाला सांभाळलेला सटवाजी माहूत भोपळे रचताना घसरला, तो थेट मुदपाकखान्यात भाकऱ्या थापायला बसला.

"सटवाजीनं हत्तीवर काहीतरी करणी केली आहे," दिवाणजींनी महाराजांचे कान भरले. "सीमोल्लंघनाला हत्ती उठला नाही, तर सटवाजीला राज्याबाहेर घालवा."

हे ऐकून सटवाजीची लेक चिमा तडक दरबारात आली. आबाला हत्तीपासून तोडलं, तेव्हापासून त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता. आता गावही सुटलं तर तो जगायचा नाही, हे तिला दिसत होतं.

"महाराज, आबाला त्येचा हत्ती परत द्या. आत्ता उठंल."

"चिंचोके फिरणार नाहीत," महाराज म्हणाले. "माहूत गेनूच राहील, सटवाजी स्वयंपाकीच राहील आणि हत्ती सीमेपलीकडे जाईल. हे तिन्ही जमवून दाखव, नाहीतर बापाचं गाठोडं बांधायला घे."

"जमवते की. पर आबाला त्येचं नवं काम तरी नीट करू द्याल ना? मधी कुनी अडवायचं न्हाई."

"स्वयंपाक्याला कोण अडवतंय?" महाराज हसले. "दिला शब्द."

दसऱ्याला लाडोबावर झूल चढली, अंबारी चढली. शिडी लावून महाराज अंबारीत बसले. गेनू शिंपी मानेवर बसून डोळे मिटून रामनाम जपत होता. नगारे वाजले. लाडोबा ढिम्म.

तेवढ्यात मुदपाकखान्यातून सटवाजी निघाला. सीमेवर आपट्याखाली महाराजांची पंगत बसे आणि तिचं जेवण पुढे न्यायचं काम स्वयंपाक्यांचंच होतं. सटवाजीच्या डोक्यावर गूळ लावलेल्या जाड रोटांची टोपली होती. चिमानं बजावलं होतं, तसं त्यानं हत्तीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. डोळे मात्र भरून आले होते.

लाडोबाची सोंड वर झाली. गुळाचा वास आला, सटवाजीचाही आला. भला थोरला हत्ती धडपडून उठला आणि टोपलीमागे असा निघाला की महाराजांचा मंदील नाकावर आला. सटवाजी ओढ्याला वळला, हत्ती वळला. सटवाजी काटा काढायला थांबला, तर सगळी फौज थांबली. थेट सीमेपलीकडे आपट्याखाली सटवाजीनं टोपली उतरवली आणि लाडोबा त्याच्या शेजारी मांडी घातल्यासारखा बसला.

"लबाडी!" दिवाणजी धापा टाकत आले. "हत्ती सटवाजीनं हाकला!"

"आबा तर पाठमोरा व्हता," फौजेबरोबर आलेली चिमा म्हणाली. "अंकुश गेनूकाकाच्या हातात हाय. आबा जेवान घिऊन चालला व्हता."

"पण हत्ती त्याच्याच मागे आला ना?"

"तुमी बी त्येच्याच मागं आला, दिवानजी. तुमाला कुनी हाकलं?"

फौजेत खसखस पिकली. महाराजांनी कसंबसं हसू दाबलं. "पोरी, मग आमच्या परीक्षेत चुकलं कुठं?"

"समद्यास्नी इचारलं, लाडोबाला कुनी इचारलंच न्हाई. माहूत कोन, ह्ये त्येनं ठरवायचं. चिंचोके त्येच्या सोंडंत द्यायचे व्हते."

"असं? मग त्यानं आम्हाला किती दिले असते?"

चिमानं हत्तीकडे पाहिलं. त्याची सोंड टोपलीत होती.

"महाराज, त्येनं तुमाला पाडलं न्हाई, म्हंजी तुमी पास," ती म्हणाली. "पर टोपली आबाच्या डोक्यावर व्हती म्हनून."

महाराज इतके हसले की अंबारीला हादरे बसून गेनू शिंपी खाली घसरला. जमिनीला पाय लागताच त्यानं अंकुश सटवाजीच्या हातात कोंबला आणि आपली कात्री परत मागितली. महाराजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून चिमाला दिलं. ज्यानं त्यानं आपल्या जुन्या कामावर जावं, असा हुकूम तिथंच सुटला.

मग पानं मांडली गेली. घोडदळाच्या एका जुन्या सरदारानं मिठाचं ताट उचललं, तसा महाराजांनी त्याचा हात धरला.

"तुम्ही घोड्याकडे जा, सरदार," ते म्हणाले. "मीठ आज दिवाणजी वाढतील."