खडकापलीकडचं पाणी

आमच्या गावालगत कोळशाची खाण निघाली आणि विहिरी एकेक करून आटल्या. शेवटी आम्ही सगळ्यांनी राबून नाल्यावर दगडमातीचा बांध घातला, तेव्हा कुठं शेजारच्या देवकाबाईच्या विहिरीत जरा पाणी दिसू लागलं.

तर खाणीचे मॅनेजर जेसीबी घेऊनच हजर! मला काही राहवेना. कणकेच्या हातानंच मी मागोमाग गेले.

"हा बांध फोडायचाय," साहेब म्हणाले. "याचं पाणी झिरपून आमच्या खाणीत उतरतंय."

देवकाबाई बांधावर बसली होती, ती उठलीच नाही. "म्हंजे आमच्या विहिरी तुमच्या खाणीनंच आटवल्या म्हना की!"

"छे! मधे पक्का खडक आहे. तुमच्या विहिरीतला थेंबही खाणीत येत नाही. तहसीलदारांपुढं सांगितलंय तसं."

"मंग बांधाचं पानी तेवढं खडक फोडून येते का बापा? येत असंल तर चला, तेबी तहसीलदारापुढं सांगा, आन् मंग खुशाल फोडा."

साहेबांनी जेसीबी माघारी वळवला. सगळे हसले, देवकाबाई सोडून. बांध वाचला, पण खाणीतलं पाणी उपसणारे पंप काही थांबले नाहीत. तिच्या विहिरीच्या बादलीला अजूनही दर महिन्याला थोडा दोर जोडावा लागतो.