उंचीच्या निम्मं सूत

एकदा एक बाई आपल्या गुरूच्या ओसरीवर येऊन बसली आणि म्हणाली, "बुवा, माझ्यावर एकानंही विश्वास ठेवला नाही."

तिचं नाव हौसा. पेठेत ती कमरेला बांधायचे काळ्या सुताचे करगोटे वळून विकायची. सकाळी मात्र वृद्ध वैद्यबुवांच्या घरी औषधं कुटायची आणि कुटता कुटता विद्या ऐकायची. चार यत्ता शिकलेल्या बाईला बुवा शिष्या म्हणतात, याचं पेठेला हसू यायचं.

तिची तक्रार होती गुळाच्या शेठविषयी. तो तिचा मानलेला भाऊ. नवरा गेला तेव्हा सासरच्यांनी दार लावून घेतलं, आणि यानं आपल्या दुकानाच्या पायरीशी तिला बसायला जागा दिली. शेठचे हातपाय काडीसारखे, पण गादीवर टेकताना आधी पोट बसायचं, मग शेठ. पेठ त्याला भाग्याचं लक्षण मानायची. हौसाला निराळंच दिसत होतं. तीन पायऱ्या चढला की दादाला धाप लागायची, तहान भागायची नाही, पायाची जखम महिना झाला भरत नव्हती. त्याचा बाप असल्याच पोटाचा, सेहेचाळिसाव्या वर्षी याच गादीवर बसल्या बसल्या गेला. दादाचं पंचेचाळिसावं सरत आलं होतं. तिनं चारचौघांत त्याला सुनावलं, तर मुनीमजी म्हणाले, हौसाबाई, तुम्ही सूत बघा, पोटाचं आम्ही बघतो. शेठनं तर पोटावर हात फिरवला आणि सांगितलं, ही आमच्या दुकानाची पाटी आहे.

बुवांनी सगळं ऐकून घेतलं. औषधाची पिशवी खुंटीलाच राहू दिली, काठी हातात घेतली आणि म्हणाले, "चल. सूत तेवढं घे."

पाडव्याचा आदला दिवस होता. त्या दिवशी पेठेतले पुरुष जुना करगोटा उतरवून नवा बांधत, म्हणून दुकानापाशी गर्दी होती. बुवांनी शेठची नाडी धरली नाही, जीभ पाहिली नाही. त्याला भिंतीला टेकून उभं केलं आणि हौसाला टाचेपासून टाळूपर्यंत सूत मापून तोडायला लावलं. मग ते सूत मधोमध दुमडलं आणि बेंबीवरून शेठच्या कमरेभोवती फिरवलं. टोकं भेटेनात. मध्ये चांगलं वीतभर पोट उघडं राहिलं.

"सूत आखडलं असेल, बुवा," शेठ म्हणाला, आणि सगळे हसले.

बुवांनी दारातल्या हमालाला बोलावलं. वजनानं शेठच्या वरचढ, रेड्यासारखा गडी. त्याच्या उंचीचं सूत दुमडून फिरवलं, तर टोकं एकमेकांवर चढून चार बोटं सूत उरलं. हसणं थांबलं. मुनीमजी सडपातळ, सदऱ्याआड पोट दिसायचंही नाही. ते मोठ्या ऐटीत पुढे झाले. त्यांची टोकं तीन बोटं अलीकडेच अडली. मुनीमजींनी सदरा खाली ओढला आणि त्यानंतर दिवसभर कुणाला काही शिकवलं नाही.

देवळात उभी राहावीत तशी माणसं त्या सुताकडे बघत राहिली. बुवा सावकाश बोलू लागले.

"देहासारखा कारागीर मी पाहिला नाही. हृदय, यकृत, आतडी त्यानं एवढ्याशा जागेत अशी बसवली आहेत की जन्मभर एकाचा दुसऱ्याला अडथळा नाही. कातडीखालची चरबी चिमटीत येते, तिचं मला फार भय नाही. पोटाच्या आत, अवयवांच्या मधोमध साठते ती चिमटीत येत नाही, आणि ती गुपचूप पडूनही राहत नाही. रक्तात साखर चढवते, दाब वाढवते, हृदयाच्या वाटा अरुंद करते. ती काट्यावर कळत नाही, सुतावर कळते. प्रत्येकजण आपलं माप आपल्या उंचीतच घेऊन येतो. कमर त्याच्या निम्म्याच्या आत असावी."

हौसा जन्मभर सूत हाताळत आली होती. त्या सुतात एवढं ज्ञान वळलेलं आहे, हे तिला आज कळत होतं.

शेठचा चेहरा उतरला. "मग मला कसं समजलं नाही? माझा करगोटा तर एका वर्षीही काचला नाही, बुवा."

बुवा हौसाकडे वळले. "का काचला नाही?"

हौसाला कारण ठाऊक होतं. नव्या वर्षाचा करगोटा काचला तर पेठेत अशुभ मानत, आणि गिऱ्हाईक तो तोंडावर फेकून जाई. म्हणून दर पाडव्याला ती नजरेनंच अंदाज घेऊन दादाचं सूत दोन बोटं जास्त तोडायची. काही न बोलता, सात वर्षं. देह दर वर्षी सांगायला येत होता आणि ती त्याला जागा करून देत होती. तोंड उघडलं ते यंदा.

तोवर दुकानात वाद पेटला होता. कुणी शेठाणीच्या तुपाला बोल लावत होतं, कुणी दुपारच्या भज्यांना, कुणी गादीला. शेठनं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि बारीक आवाजात बुवांना विचारलं, वेळ गेली का.

"गेली नाही," बुवा म्हणाले. "उद्यापासून नदीपर्यंत पायी जा, पायी ये. गोड आणि तळलेलं आवर, दिवस मावळायच्या आत जेव. औषध मी देतो, पण चालायचं तुलाच आहे."

हौसानं नवा करगोटा तोडला. गेल्या वर्षीच्याच मापाचा, बोटभरही जास्त नाही. दादाच्या हातात देत म्हणाली, "काचेल. काचू दे. काचला की ऊठ आणि चालायला लाग."

शेठनं तो मुठीत धरला. "पण दोष द्यायचा कुणाला गं? तुपाला, का गादीला?"

"खाल्लंस तू, ते तुझं तू निस्तर," ती म्हणाली. "पण जिला सात वर्षं दिसत होतं आणि जी सात वर्षं मुकाट्यानं सूत वाढवत राहिली, तिचं नाव हौसा."