चंदनाची मान

एका राज्यात राजा एक होता आणि पक्ष तीन होते. तलवारीवर जगणाऱ्यांचा खड्गपक्ष, तागडीवर जगणाऱ्यांचा तुलापक्ष, आणि गाणाऱ्या-नाचणाऱ्यांचा, रंगवणाऱ्या-घडवणाऱ्यांचा कलापक्ष. दरबारात तिघांची तीन आसनं होती. तिन्ही नेत्यांच्या माना हलल्याशिवाय राजानं स्वारी करायची नाही, असा त्या राज्याचा कायदा होता.

कलापक्षाचं आसन चंदनाचं होतं आणि त्याला शाप होता. पहिला नेता चित्ररथ, वीणावादक. पक्ष तेव्हा लहान, दरबारात त्याला कुणी विचारत नसे. म्हणून चित्ररथ धूम्राक्ष मांत्रिकाकडे गेला आणि म्हणाला, "आमचं आसन कधी रिकामं राहू नये."

मांत्रिक म्हणाला, "राहणार नाही. पण जो बसेल त्याची कला माझ्या पेटाऱ्यात येईल."

चित्ररथ कबूल झाला. सात वर्षांत तो पायांपासून डोक्यापर्यंत चंदनाचा झाला, आणि त्या दिवशी राज्यातली एकूण एक वीणा बेसूर झाली. त्याच्यामागून नर्तकी लवंगिका बसली. ती गेली तेव्हा लोकांचे पाय जड झाले. मग एक कवी बसला, आणि आयांना अंगाई आठवेना. मग एक मूर्तिकार, मग एक बासरीवाला. असे पाच पुतळे पक्षाच्या सभागृहात ओळीनं उभे राहिले. पक्षात कुणी त्याला शाप म्हणत नसे. 'आमचे नेते अमर झाले' म्हणत, हार घालत, आणि सर्वांत गुणी कलावंत शोधून पुन्हा त्यालाच बसवत. माणसं तशी शहाणी होती, फक्त कौतुकापुढे त्यांचं काही चालत नसे.

सहावा नेता होता सोमदत्त चित्रकार. त्याची मुलगी शाल्मली पखवाज वाजवी. सोमदत्त आता गळ्यापर्यंत चंदनाचा झाला होता. मान तेवढी हलायची, तीही वरखाली. राज्यातले रंग उतरत चालले होते. बायकांच्या कपाळावरचं कुंकू राखेसारखं दिसू लागलं होतं. येत्या पौर्णिमेला सोमदत्त पुरता अमर व्हायचा होता, आणि सातव्या जागी पक्षानं शाल्मलीलाच नेमलं होतं. तिला आसन नको होतं. तिला आपला बाप हवा होता, रंगानं बरबटलेल्या बोटांनी तिची वेणी घालणारा.

सभागृहाच्या तुळईवर चित्ररथाची साळुंकी बसत असे. ती नुसती ऐकणारी, म्हणून शाप तिला लागला नव्हता. शाल्मलीनं तिला विचारलं, "साळुंके, पेटारा कुठे आहे?"

"दरबारात, चंदनी आसनाखाली. त्याला तीन कुलपं आहेत. पहिलं उघडेल वाहवा न मिळालेल्या वादनानं. दुसरं, कर्त्याचं नाव नसलेल्या कामानं. तिसरं, त्या आसनावरून आलेल्या नकारानं."

"मग माझे तात सुटतील?"

"पेटारा उघडेल, एवढं मला ठाऊक आहे. चंदनाची मान आडवी वळली तर तडकते, हेही ठाऊक आहे."

तरी शाल्मली उठली.

आवाज घुमावा म्हणून तिनं पखवाजाच्या डाव्या तोंडाला ताजी कणीक लावली आणि पक्षाच्या अंगणात बसली. पहिली थाप पडायच्या आत चहूकडून 'वाहवा, वाहवा' झाली. पक्षाचा नियमच तसा होता: आपल्या माणसानं काही केलं की ऐकण्याआधी दाद द्यायची. तीन दिवस तिनं तीन अंगणं पालथी घातली, आणि तिन्हीकडे तेच झालं.

चौथ्या दिवशी भर दुपारी ती नदीकाठी गेली. तिथं भामा नावाची म्हातारी एकटीच बसली होती. मागच्या स्वारीत तिचा मुलगा पडला होता, आज त्याचं दहावं होतं. शाल्मली काठावर बसून वाजवू लागली. म्हातारी ऐकत राहिली. वादन संपल्यावर म्हणाली, "झालं तुझं? तुझ्या पक्षानं मान हलवली म्हणून माझा पोर गेला. आता पिंडाला घरात मूठभर पीठ नाही."

तिकडे दरबारात पहिलं कुलूप गळून पडलं.

शाल्मलीला मान वर करवेना. पखवाजाची कणीक खरवडून तिनं म्हातारीच्या हातावर ठेवली. भामानं तिचा पिंड केला आणि पाण्यात सोडला.

"तुला काय हवंय, मुली?"

"नाव नसलेलं काम, आजी. आमच्याकडे पाटावरवंट्यावरसुद्धा नावं कोरलेली आहेत."

भामानं खांद्यावरची गोधडी काढून दिली. मुलाच्या जुन्या सदऱ्यांची, हातानं शिवलेली. "ही घे. गोधडीवर कोण नाव घालतं? पण एक कर. तुझ्या बापाला विचार, मान हलवताना तो कुठे बघत होता."

पौर्णिमेच्या सकाळी दरबार भरला. शाल्मलीनं बापाच्या गुडघ्यांवर गोधडी पसरली. खाली दुसरं कुलूप पडलं, पण कुणाचं लक्ष नव्हतं. राजा म्हणाला, "पलीकडच्या राज्यावर स्वारी करायची आहे. पक्षांचं मत?"

खड्गपक्षाची मान हलली. तुलापक्षाची हलली.

'नाही म्हणा' एवढंच तिला बापाला सांगायचं होतं, पण ते म्हणजे 'मरा' म्हणण्यासारखंच होतं. तिला ते सांगवेना. ती त्याच्या कानाशी वाकली. "तात, या गोधडीच्या मालकाची आई विचारते आहे. मागच्या स्वारीला मान हलवताना तुम्ही कुठे बघत होता?"

सोमदत्तानं गोधडीकडे पाहिलं. सवयीनं त्याची मान खाली जाऊ लागली. मग अर्ध्यात थांबली, आणि डावीकडून उजवीकडे वळली. लाकूड तडकल्याचा आवाज सगळ्या दरबारानं ऐकला.

तिसरं कुलूप तुटलं. पेटाऱ्यातून सूर, ताना, अंगाया बाहेर पडल्या आणि आपापल्या घरी गेल्या. गोधडीतला लाल पुन्हा लाल झाला. धूम्राक्ष आपल्या गुहेत बसल्या जागी राख झाला. सोमदत्ताचं अंग पुन्हा हाडामांसाचं झालं, पण मान मोडलेली होती आणि श्वास चारच उरले होते.

"आजीला काय सांगू, तात?"

"सांग," तो म्हणाला, "मी आमच्या पुतळ्यांची ओळ बघत होतो. त्यात माझी जागा कुठे असेल, ते."

ते आसन आणि पुरते लाकूड झालेले ते पाच पुतळे फोडून सोमदत्ताची चिता रचली. स्वारी झाली नाही. कलापक्षाला पुन्हा आसन मिळालं नाही. ज्याची पाळी असेल तो दरबारात उभा राहतो, पटलं तर हो, नाही तर नाही म्हणतो, आणि आपल्या कामाला परत जातो.

शाल्मलीनं भामाला गोधडी परत दिली आणि बापाचा निरोप जसाच्या तसा सांगितला. भामा गोधडीची घडी घालून घरी गेली. सोमदत्ताच्या दहाव्याला मात्र ती नदीकाठी आली, पदरात भिजवलेली कणीक घेऊन. अर्धी तिनं पिंडाला दिली, अर्धी पखवाजाला.

शाल्मली वाजवू लागली. सगळा पक्ष काठावर जमला होता. सवयीनं सगळ्यांची तोंडं उघडली, आणि कुणी काही न बोलता मिटली.