मिशा आणि भुयार

भुयार घुशींनी खणायचं आणि पुढे मिशावाल्यांनी चालायचं, ही रीत ज्याने पाडली त्याच्या नखांना कधी माती लागली नसणार!

फार पूर्वी नदीकाठच्या बांधाखाली उंदीर आणि घुशी एकत्र राहत. एकदा पूर चढू लागला. पिल्लांना टेकडीवर न्यायला ठकू घुशीने दोन फाट्यांचं भुयार खणलं. निघताना मिशाळराव उंदीर पुढे सरसावले.

"ठकूताई, तुमच्यासारखं खणणारं कोणी नाही. पण पुढे चालायला मिशा लागतात!"

दरवेळी या कौतुकावर ठकू मागे सरायची. आज तिने विचारलं, "ओल कोणत्या फाट्यात शिरलीय, सांगा बरं?"

मिशाळराव मिशा चाटू लागले.

ठकूने आपल्यासोबत खणणाऱ्या तरुण चिमी घुशीला पुढे केलं. "तू ने."

"मी? चुकले तर?"

"मागे मी आहे. एकटी मीच पुढे गेले, तर पुढच्या पुरात मी नसताना हे पुन्हा मिशाच शोधतील."

चिमीने माती हुंगली, डावा फाटा सोडून उजवा धरला. ठकूची छाती फुगली. एकमेकांच्या शेपट्या धरून सारी रांग टेकडीवर पोचली.

सर्वांत शेवटी एक म्हातारा उंदीर बाहेर आला. "पुढे कोण होतं ते दिसलं नाही बुवा," तो म्हणाला, "पण इतक्या पुरांत आज पहिल्यांदाच माझी शेपटी कोरडी आली."