आग्याची परी आणि सोनकीचा काढा

डोंगराच्या कुशीत, जिथे धुकं दुपारीसुद्धा घरात शिरतं, तिथे सोनकी नावाची चिमुकली मुलगी आईबरोबर राहायची. आई बांबूच्या टोपल्या विणायची. पण त्या वर्षी तिची बोटं सुजली, सांधे धरले, आणि अर्धी विणलेली टोपली कोपऱ्यात पडून राहिली. चूल कधी पेटायची, कधी नाही.

एकदा सोनकी सरपणाला रानात गेली. वारा नव्हता, तरी आग्याची हिरवीगार पानं सळसळली. आग्या म्हणजे हात लागताच अंगाची आग करणारं झाड. त्या पानांतून एक परी हळूहळू उभी राहिली. तिच्या दंडांवर काचेसारखी बारीक लव चमचमत होती. सावली मात्र कुठेच पडली नव्हती.

"घाबरलीस?" परीने विचारलं.

"थोडीशी. माझ्या आईची बोटं बरी होतील का गं?"

"होतील. फुलं यायच्या आत कोवळी पानं तोड, हाताला फडकं गुंडाळून. चांगली उकळलीस की डंख जातो. पण आईला द्यायच्या आधी वैद्यबुवांना विचार. आणि पोटुशी बाईला एक थेंबही देऊ नकोस."

वैद्यबुवांनी आईच्या चालू औषधांच्या पुड्या पाहिल्या, नाडी पाहिली. "अर्धी वाटी, सातच दिवस," ते म्हणाले. सहाव्या दिवशी आईचा अंगठा जरासा हलला.

सातव्या दिवशी, भर दुपारी, एक पोटुशी बाई दारात उभी राहिली. तिचे पाय हिरवे, ओले होते.

"पोरी, मला त्या काढ्याचे डोहाळे लागलेत. एक घोट दे."

"दे गं सोने," आई आतून म्हणाली. "पोटुशीला नाही म्हणत नाहीत. माझा वाटा दे."

सोनकीने वाटी पाठीमागे लपवली. "नको मावशी. बाळाला सोसायचा नाही. ही माझी भाकरी घे, गुळाचा खडा घे."

"नाही दिलास, तर तुझ्या आईची बोटं लाकडाची होतील." आवाज आता पानांसारखा सळसळत होता. भिंतीवरच्या सगळ्या सावल्या सोनकीकडे वळल्या.

सोनकीचे डोळे भरले. तिने आईच्या बोटांकडे पाहिलं, मग त्या पोटाकडे.

"तरी नाही," ती पुटपुटली. "बाळाला बोलता येत नाही ना, मावशी."

बाई हसली. तिच्या पोटाशी हिरवा-सोनेरी उजेड उमलला, काचेच्या इवल्या कणांसारखा घरभर उधळला, आणि दार रिकामं झालं.

आईने काढा घेतला. तिची बोटं मिटली, उघडली, आणि त्यांनी अर्ध्या टोपलीतली पट्टी अलगद उचलली.

त्या दिवसापासून आग्या सोनकीला डसत नसे. पण हे तिला कधी कळलंच नाही. ती जन्मभर हाताला फडकं गुंडाळूनच पानं तोडत राहिली.