कारलेरावांची माफी

भाज्या जिभेशी समोरासमोर भांडत, त्या काळची गोष्ट. छोट्या रेवतीच्या जिभेने कारल्याची फोड थुंकून टाकली. कारलं भडकलं. "माफी माग."

"आधी कडूपणा सोड," जीभ म्हणाली. कारलं काही हटलं नाही.

वर्षं गेली. एका पंगतीत मोठ्या झालेल्या रेवतीने कारल्याची भाजी पुन्हा मागून घेतली. कारल्याने जिभेला गाठलं. "थुंकणारी तूच ना? माग माफी."

"थुंकणाऱ्या रुचिकलिका कधीच झडल्या, कारलेराव. आमच्याकडे जुन्या जातात, नव्या येतात. या नव्या जरा धीट आहेत."

"मग इतकी वर्षं मी रागावलो कोणावर?"

"ते तुम्हीच शोधा. आता आत चला."

"थांब. मी अजून तितकाच कडू आहे, सांगून ठेवतो."

"म्हणून तर पुन्हा वाढायला लावलं."