नळग्रामाचे मौन

फार पूर्वी वेणुमती नगरीत राजा नव्हता, गणराज्य होते. त्या काळी बोधिसत्त्व ऋजुसेन या नावाने त्या गणाचे मुख्य होते. गावोगावचे लोक रंगीत शलाका, म्हणजे मताच्या काड्या, टाकून आपला एक सभासद निवडत आणि तो नगरातल्या सभागृहात गावाच्या वतीने बसे. बसायला त्याला गावच्याच हातची चटई मिळे. उठताबसता आपण कुणाचे, याची आठवण राहावी म्हणून.

त्या सभेची एक रीत होती. कुठलाही ठराव गणमुख्य तीनदा पुकारत. ज्याचा विरोध असेल त्याने बोलावे, ज्याची संमती असेल त्याने गप्प राहावे. तिसरी हाक संपेपर्यंत कुणी तोंड उघडले नाही, तर ठराव सर्वांच्या संमतीने झाला असे मानत. रीत जुनी होती आणि चांगलीही होती. गप्प बसणाऱ्याने आधी आपल्या गावाला विचारलेले असते, एवढे मात्र तिच्यात गृहीत धरलेले होते.

नळग्रामाचा सभासद होता नंदिय. नळग्राम हे कुमुद तळ्याच्या काठचे लहानसे गाव. लोक लव्हाळा कापून चटया विणत, मासे धरत, शिंगाडे काढत. नंदिय त्यांच्यातलाच. माणूस मनाने वाईट मुळीच नव्हता, हे आधीच सांगितलेले बरे. त्याचे बोलणे गोड, चेहरा हसरा. तो निवडून आला तेव्हा गावाने त्याला खांद्यावर घेऊन तळ्याला प्रदक्षिणा घातली होती. पुढे तो नगरात राहायला गेला आणि नगर त्याला मानवले. चटई टोचते म्हणून इतर सभासदांसारखी त्यानेही तिच्यावर कापसाची गादी घालून घेतली. गावची माणसे भेटायला येत, तेव्हा तो त्यांना ओसरीवर बसवी, गार ताक देई आणि त्यांचे निम्मे बोलणे होताच “बघतो हं मी” म्हणून उठे. काय बघे, ते त्याचे त्यालाच ठाऊक.

एका वर्षी कोट्टक नावाच्या धनवान सभासदाने ठराव आणला. कुमुद तळ्याचा बांध फोडून पाणी नदीत सोडावे, गाळाच्या जमिनीत भाताची शेते करावीत, शेते सभासदांनी वाटून घ्यावीत आणि त्यांतला सर्वांत मोठा वाटा गणमुख्यांचा असावा. नळग्रामाच्या लोकांनी दुसरीकडे जाऊन राहावे, असेही त्यात होते. दुसरीकडे म्हणजे कुठे, ते कुणी ठरवले नव्हते.

बातमी नळग्रामात पोचली. नंदियाच्या दिवंगत आईची मैत्रीण सोणा मावशी उन्हातान्हात चालत नगरात आली. ती ओसरीवर बसली, ताक प्यायली, बोलायला तोंड उघडले आणि “बघतो हं मावशी” ऐकून परत गेली.

सभेच्या दिवशी ऋजुसेनांनी पहिली हाक दिली. सारे शांत होते. नंदियाच्या मनात क्षणभर काहीतरी चुळबुळले, पण एवढी शहाणी माणसे गप्प आहेत त्या अर्थी ठराव योग्यच असणार, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. खरे सांगायचे तर वाट्याला येणारे शेतही त्याला दिसत होते. दुसरी हाक झाली. नंदिय मूग गिळून बसला होता.

तिसरी हाक मात्र आली नाही. सभागृहात कुजबुज सुरू झाली, तरी ऋजुसेन नंदियाकडे पाहत राहिले.

“नंदिय,” ते म्हणाले, “हे मौन कुणाचं? तुझं, की नळग्रामाचं?”

“गावाचंच, आर्य. मी गावाच्या वतीनंच बसलोय.”

“छान. मग गावातलं शेवटचं कोण भेटलं तुला? काय म्हणालं?”

नंदियाला सोणा मावशीचा चेहरा आठवला. तिचे धुळीने भरलेले पाय आठवले, हातातला ताकाचा वाडगा आठवला. ती काय म्हणाली, ते काही केल्या आठवेना. आठवणार कसे? तिला त्याने बोलूच दिले नव्हते. त्याची मान खाली गेली.

कोट्टक ताडकन उठला. “दोन हाका झाल्यावर मुख्य कधी थांबले नाहीत. आणखी मोठा वाटा हवा असेल तर तसं सांगावं, हे नाटक कशाला?”

काहीजण हसले. ऋजुसेन रागावले नाहीत. “माझा वाटा मी सोडला, कोट्टक,” ते म्हणाले. “आता मला कसलीच घाई नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या हाकेत किती वेळ जावा, हे रीत सांगत नाही. नंदिय गावाला विचारून येईपर्यंत मी थांबेन.”

सभागृहाबाहेर त्यांनी नंदियाला जवळ घेतले. “गाडी नको नेऊस, पायी जा.”

“तिथं जाऊन बोलू काय मी?” नंदियाने विचारले.

“काहीच बोलू नकोस. तेच तर काम आहे.”

नंदिय निघाला खरा, पण सुरुवातीची वाट त्याने चरफडतच कापली. भर सभेत आपले नाक कापले गेले, असेच त्याला वाटत होते. वेणुमती मागे पडली, तळ्यावरचा ओलसर वारा लागला, तेव्हा कुठे त्याचा राग निवळला आणि त्याच्या जागी भीती आली. गावाने आता आपल्याला दारात उभे केले नाही तर?

तसे काही झाले नाही. लोकांनी त्याला नमस्कार केला, पाट मांडला. बायका भांडीकुंडी बांधत होत्या, पुरुष जाळ्यांच्या घड्या घालत होते. “सांगा, तुमचं काय म्हणणं आहे?” त्याने विचारले.

“आमचं काय असायचंय? तुम्ही ठरवाल तसं,” एकजण म्हणाला आणि पुन्हा जाळ्याकडे वळला. दुसऱ्यानेही तेच सांगितले, तिसऱ्यानेही. कुणाच्याच बोलण्यात राग नव्हता, आणि तेच नंदियाला लागले. रागावलेल्या माणसाला निदान काही आशा तरी असते. ही माणसे त्याच्याशी बोलायचेच सोडून बसली होती.

सोणा मावशी अंगणात चटई विणत होती. गाव सोडायची वेळ आली तरी तिचे हात थांबले नव्हते. नंदिय तिच्यासमोर जमिनीवरच बसला.

“बस,” ती वर न पाहता म्हणाली. “ताक मात्र नाही हो माझ्याकडे.”

नंदियाला हसावे की रडावे कळेना. “मावशी, त्या दिवशी तू काहीतरी सांगायला आली होतीस. आता सांग.”

“सांगते. पण माझं पुरतं बोलून होईपर्यंत तू ‘बघतो’ म्हणायचं नाहीस.”

“नाही म्हणणार.”

मावशीचे हात थांबले. “मला एवढंच विचारायचं होतं, की आम्ही जायचं कुठं? भात किती पिकेल ते तुम्हाला कळतं, मला नाही कळत. माझी सून पोटुशी आहे. तिचं बाळंतपण मी कुणाच्या दारात करू? लव्हाळ्याशिवाय या हातांना दुसरं काही येत नाही, ते आता नव्यानं काय शिकणार? तुझी आई गेली तेव्हा तिची राख याच पाण्यात सोडली आपण. तेही पाणी सोडून देणार आहात का रे?”

‘बघतो’ हा शब्द सवयीने नंदियाच्या ओठांपर्यंत आला. तो त्याने गिळला. तो बसून राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. मावशीने ते पाहिले. तिने कुंपणापलीकडे हाक दिली, “अरे, या रे सगळे! हा आज ऐकतोय!”

मग माणसे येऊ लागली. कुणी तळ्याबद्दल बोलले, कुणी लेकरांबद्दल. एका म्हाताऱ्याने ठरावाचे नावही काढले नाही. शेजाऱ्याची बकरी आपल्या वेलाची पाने खाते, एवढेच तो रंगवून रंगवून सांगत बसला. नंदियाने तेही ऐकले. दिवस मावळेपर्यंत तो जागचा हलला नाही. एवढे होऊनही या माणसांना आपल्याला काही सांगावेसे वाटते, याचे त्याला नवल वाटले आणि त्याचा ऊर कृतज्ञतेने भरून आला.

तो परतला तेव्हा सभा पुन्हा भरली. गादी बाजूला सारून तो नुसत्या चटईवर बसला. ऋजुसेनांनी तिसरी हाक दिली आणि नंदिय उभा राहिला.

“नळग्रामाला हा ठराव मान्य नाही,” तो म्हणाला. “हे माझं म्हणणं नाही, गावाचं आहे. मी ते विचारून आलोय.” आणि मग मावशीचे शब्द त्याने जसेच्या तसे सभेपुढे ठेवले. बकरीचे तेवढे वगळले.

“ही रडगाणी ऐकायला आपण जमलोय का?” कोट्टक म्हणाला.

त्यावर पलीकडच्या चटईवरचा एक म्हातारा सभासद सावकाश उठला. “कोट्टक, माझं गाव तळ्याच्या खालच्या अंगाला आहे. बांध फुटला तर पाणी कुणाच्या घरात शिरेल, हे मी गावाला विचारलंच नाही. मला जाऊन यावं लागेल.” त्याच्या शेजारचा उठला, “मलाही.” मग आणखी एक. बघता बघता सभागृहात गाद्यांचीच गर्दी उरली. पुढचे काही दिवस गणराज्याच्या वाटांवर सभासदच सभासद दिसत होते. निवडणूक नसताना हे कसे काय आले, म्हणून गावोगावची माणसे जरा धास्तावलीसुद्धा!

ठराव पुन्हा कुणी मांडला नाही. सोणा मावशीचा नातू नळग्रामातच जन्मला. नंदिय बारसे जेवून आला आणि थेट ऋजुसेनांकडे गेला. “आर्य, त्या दिवशी तुम्ही तिसरी हाक दिली असती, तर सभेत मला कुणीच दोष दिला नसता,” तो म्हणाला. “तुम्ही थांबलात. जन्मभर मी हे विसरणार नाही.”

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, भिक्षूंना सांगितली, त्याला एक निमित्त घडले होते. शास्त्यांना लहानाचे मोठे करणारी त्यांची मावशी महाप्रजापती गौतमी सुजलेल्या पायांनी, धुळीने माखून, रडत विहाराच्या दाराबाहेर उभी होती. तिथून जाणारा शास्त्यांचा सेवक भिक्षू आनंद थांबला. त्याने तिचे सगळे म्हणणे ऐकून घेतले आणि स्त्रियांना संघात जागा मिळावी म्हणून शास्त्यांपुढे तीनदा शब्द टाकला. शेवटी ते मान्य झाले. भिक्षू त्याची वाखाणणी करत बसले होते, तेव्हा शास्ते तिथे आले आणि त्यांनी हे सर्व सांगितले.

“भिक्षूंनो, तेव्हाची सोणा म्हणजे आजची गौतमी,” शास्ते म्हणाले. “कोट्टकाचं नाव मी सांगत नाही. तो आता पार बदलला आहे आणि इथेच बसला आहे. गणमुख्य ऋजुसेन मीच होतो. आणि ज्याला आपल्याच माणसांचं निम्मं बोलणंसुद्धा ऐकवत नव्हतं, तो नंदिय म्हणजे हा आनंद. आज माझा प्रत्येक शब्द ज्याच्यापाशी जपलेला आहे, तोच.”

आनंदाने हात जोडले.

“मी तेव्हा फक्त थांबलो होतो,” शास्ते म्हणाले. “धीर धरून असं थांबणं, याला क्षांती म्हणतात.”